एक तारीख, अनेक नावे : १७ सप्टेंबर

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर ‘दिनविशेष’ नावाची एक लहानशी चौकट असते. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी अग्रलेखाआधी ती चौकट वाचत, हा अनेकांच्या स्मरणातील परिपाठ आहे. कोणाचा जन्म, कोणाचा मृत्यू, कोठला तह, कोठले युद्ध. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टी तेथे एका ओळीखाली एक बसलेल्या असतात. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील जुन्या मराठी कुटुंबांना या चौकटीतील सर्वांत जवळची तारीख कोणती, असे कोणी विचारले, तर आम्ही १७ सप्टेंबर असे उत्तर देऊ. मात्र ही तारीख आपण पुरती वाचलेली नाही, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मुख्य तुकडी सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आली. नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद ही त्या वाटेवरील गावे आपल्या नित्याच्या प्रवासातली आहेत. १७ तारखेच्या पहाटे सैन्य बीदर शहरात दाखल झाले आणि त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली. संस्थानच्या फौजेचे सेनापती एल इद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली ती दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला. निजाम तर पुढेही राजप्रमुख म्हणून राहिले आणि हैदराबाद राज्याचे अस्तित्व १ नोव्हेंबर १९५६ रोजी संपले. म्हणजे या घटनेच्या स्मरणासाठी आणखीही काही तारखा निवडता आल्या असत्या. लोकांनी १७ ही निवडली, कारण भयाची सावली उठल्याचा प्रत्यय त्या सायंकाळी आला.

त्या दिवसाकडे वेगवेगळ्या पंचांगांतून पाहिले, तर आणखी काही दिसते. शके १८७० मधील भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी, त्या दिवशी होती, वार शुक्रवार. हिजरी सन १३६७ चा जिल्काद महिना चालू होता. संस्थानच्या महसुली दप्तरात फसली सन १३५७ लिहिला जात होता. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जमिनीचे जुने कागद जपून ठेवले आहेत, त्यांना फसली सनाची ओळख निराळी करून द्यावयास नको. एका घरात गणेशविसर्जनाची तिथी, शेजारच्या घरात जुम्म्याची नमाज, चावडीत फसलीचा आकडा आणि आकाशवाणीवर इंग्रजी तारीख, असा तो एकच दिवस होता.

जगाच्या चौकटीतही तो दिवस साधा नव्हता. हैदराबादची तक्रार आदल्याच दिवशी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे आली होती. १७ तारखेला त्याच संयुक्त राष्ट्रांचे पॅलेस्टाइनमधील मध्यस्थ काउंट फोक बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. सरहद्दी नव्याने आखल्या जात असताना सामान्य माणसावर काय ओढवते, हे त्या वर्षी अनेक देशांनी पाहिले.

या तारखेला आज नाव एक नाही. महाराष्ट्रात ती ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ आहे. कर्नाटकात ‘हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन’ होती. २०१९ साली या विभागाचे नाव कल्याण कर्नाटक झाले, तेव्हापासून ती ‘कल्याण कर्नाटक उत्सव दिन’ म्हणून साजरी होते. तेलंगणात सरकार बदलले तसे दिवसाचे नावही बदलले आणि केंद्र सरकारने २०२२ पासून ‘हैदराबाद मुक्ति दिन’ साजरा करण्यास आरंभ केला. १९५६ पूर्वीच्या बीदर जिल्ह्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके होते. ते मुंबई राज्यात गेले. जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. मग एकाच घरातील थोरला भाऊ उदगिरास मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याला उभा राहतो आणि धाकटा भालकीस उत्सव दिनाच्या. दोन्ही भाषणे ऐकली, तर एकात मराठवाडा असतो, दुसऱ्यात कर्नाटक असते. सीमेवरच्या मराठी माणसाचा उल्लेख दोहोंत क्वचितच येतो. या आंदोलनाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म सिंदगीचा, कार्यक्षेत्र हिप्परगे आणि अंबाजोगाई, आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते निवडून गेले गुलबर्ग्याहून. त्यांना कोणत्या एका राज्याच्या खात्यावर मांडावयाचे?

आपली ही तक्रार खरी आहे. तथापि, आपल्याला वगळल्याचे दुःख मांडताना आपणही कोणाला वगळीत नाही ना, हे पाहणे प्राप्त आहे. रझाकारांचा अत्याचार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे. बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये जे हत्याकांड झाले, त्याचे स्मारक २०२३ साली उभे राहिले. ते योग्यच झाले. परंतु १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांविषयी आपण फारसे बोलत नाही. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना त्या काळातील घटनांच्या पाहणीसाठी पाठविले होते. त्यांच्या अहवालाने संपूर्ण संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावे लिहिली. हे मृत बहुतांशी मुसलमान होते. त्यांतील पुष्कळांचा रझाकारीशी काही संबंध नव्हता. तो अहवाल दीर्घकाळ बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांसमोर आला. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांना वाचविल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. त्यामुळे आपल्या गावांपुरते हे सर्व एकाच वहीत लिहिले गेले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता त्याच तारखेच्या जन्मनोंदींकडे वळू. १७ सप्टेंबर १८७९ रोजी इरोड येथे पेरियार ई. व्ही. रामसामी जन्मले, १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथे प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे. दोघांनी पुरोहितशाहीशी आयुष्यभर दोन हात केले. दोघांनी पत्रे चालविली. एकाचे ‘प्रबोधन’ १९२१ मध्ये निघाले, दुसऱ्याचे ‘कुडी अरसु’ १९२५ मध्ये. दोघेही १९७३ च्या अखेरीस, नोव्हेंबरात प्रबोधनकार आणि डिसेंबरात पेरियार, निवर्तले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले होते. प्रबोधनकार संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील अग्रणी. बीदर-भालकीची मागणी त्या लढ्याच्या घोषणांत होती. पेरियार तमिळ अस्मितेचे प्रवर्तक, पण त्यांच्या घरची बोली कन्नड. तमिळ मुलखातील ते कन्नड घर आणि कन्नड मुलखातील आपली मराठी घरे यांत फार अंतर आहे, असे आम्हांस वाटत नाही.

चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचीही जन्मतारीख १७ सप्टेंबर १९१५ अशीच दिली जाते. जन्मगाव पंढरपूर, ज्या विठ्ठलाला मराठी संतांनी कानडा म्हटले, त्याचे गाव. ‘अमर चित्र कथा’ घडविणारे अनंत पै १९२९ साली याच तारखेस कर्नाटकातील कार्कळ येथे जन्मले आणि त्यांचे कार्य मुंबईत झाले.

तारखेने या व्यक्तींना एकत्र आणले, हा निव्वळ योगायोग होय. त्यातून गूढ अर्थ काढण्याचे कारण नाही. पण एका घरात राहून दुसऱ्या भाषेच्या अंगणात वावरणे त्यांतील अनेकांच्या वाट्यास आले, आणि ते आपल्याही वाट्यास आले आहे. भालकीचा मराठी मुलगा शाळेत कन्नड शिकतो, घरी मराठी बोलतो आणि बाजारात दखनी. हे त्याचे उणेपण नाही, हे त्यास कोणी तरी सांगावयास हवे.

आमची वाचकांस एक विनंती आहे. १९४८ पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. येत्या १७ सप्टेंबरला त्यांच्याजवळ बसावे. सैन्य आले त्या दिवशी घरात कोण होते, कोण पळाले, कोणास कोणी लपविले, शेजारची कोणती माणसे पुढे दिसली नाहीत, हे विचारावे आणि जसे सांगतील तसे लिहून ठेवावे. नाव मुक्तीचे द्यावे की उत्सवाचे, हा वाद राज्यांनी करावा. आपल्या गल्लीत त्या दिवशी काय झाले, हे मात्र आपल्याखेरीज दुसरे कोणी लिहिणार नाही.