आमचं कुठाय?

गोष्ट २००७ सालची. नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर एक्स टाकलं होतं. नेटवर एका हौशी माणसाने बनवलेलं मिग-२१ फुकट मिळालं. म्हटलं, बाबांना दाखवू. बाबांची सगळी नोकरी ओझरच्या एच.ए.एल.मध्ये गेली. नाशिककरांच्या भाषेत, ते 'मिगमध्ये' होते.

बाबांना खुर्चीत बसवून मी मोठ्या ऐटीत कॉकपिट दाखवलं. दोन मिनिटं बघून म्हणाले, "हे पायलटचं झालं. आमचं कुठाय?"

त्यांचं बरोबरच होतं. ओझरचा कारखाना १९६४ चा. सोव्हिएत परवान्यावर मिग बनवायचं ठरलं. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा व जुळणी ओझरला. अशी साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ तयार झाली. ती जुळवणाऱ्या हातांपैकी कॉकपिटमध्ये बसून उडालेले किती? बाबांनी विमान पाहिलं ते खालून, हातात पाना घेऊन.

सिम्युलेटरही आधी पायलटचाच होता. १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविकने ॲपल-२ साठी पहिला बनवला, त्यात नुसत्या रेघांची जमीन आणि ती कॉकपिटमधून बघायची. मायक्रोसॉफ्टच्या १९८८ च्या तिसऱ्या आवृत्तीत विमान बाहेरून वेगवेगळ्या कोनांतून बघता येऊ लागलं. आणि २००६ च्या एक्समध्ये कॅमेरा आपल्याला हवा तिथे बसवायची सोय आली.

सोय म्हणजे काय, तर विमानाच्या फोल्डरमधली 'एअरक्राफ्ट.सीएफजी' ही साधी मजकुराची फाईल. ती नोटपॅडमध्ये उघडायची (आधी एक प्रत काढून ठेवायची, हे मी एकदा विमान बिघडवून शिकलो) आणि कॅमेऱ्याचा नवा परिच्छेद लिहायचा. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा वेगळा लांबलचक ओळख क्रमांक लागतो. मग तीन आकडे, मीटरमध्ये: उजवी-डावीकडे किती, वर-खाली किती, पुढे-मागे किती. आणखी तीन आकडे कॅमेऱ्याच्या रोखाचे, अंशांमध्ये. मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे मधोमधपासून साडेतीन मीटरवर पंखाचं टोक. तिथे एक कॅमेरा लावला. दुसरा शेपटीमागे.

तिसरा बाबांनी सांगितला. "पोटाखाली घे. अजून खाली. आता थोडा मागे." आकडे बदलायचे, विमान पुन्हा उघडायचं, बघायचं... रात्रीचे अकरा वाजले. शेवटी बाबा म्हणाले, "हां, इथेच उभा असायचो मी."

मग म्हणाले, "आता चाकं मीट."

मिटली. बाबांनी मान हलवली. "चाक वळलंच नाही." आणि त्यांनी मला हाताने दाखवलं: कोपर म्हणजे सांधा, तळवा म्हणजे चाक. मिग-२१ चा पंख पातळ, त्यात चाक मावत नाही. म्हणून पाय आत मिटताना चाक गिरकी घेतं आणि विमानाच्या अंगात उभंच जाऊन बसतं. बनवणाऱ्याने बाकी सगळं हुबेहूब केलं होतं, एवढंच राहिलं होतं. वरून बघणाऱ्याला ते कधी कळलंही नसतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. आम्ही टीव्हीसमोर होतो. बाबा पार स्क्रीनला नाक लावून बसलेले. "चाकं दाखवत नाहीत," एवढंच म्हणाले. मग नातवाला जवळ घेऊन कोपर, तळवा, गिरकी, सगळं पुन्हा करून दाखवलं.

बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस तिथूनच उडालं. मी बातमी वाचून दाखवली. मला वाटलं, जुन्या आठवणी काढतील.

बाबांनी विचारलं, "याची चाकं कुठे मिटतात रे?"

शोधतोय. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.