शरणपूरहून मोंबासाला

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी मी. फार तर लोणच्याची कृती लिहीन, इतिहास कसला लिहिणार? पण गेल्या वर्षी शेजारी एक प्रश्न निघाला आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या नाशिकची एक जुनी हकीकत मला कळली. ती आपणा सर्वांस सांगावी असे वाटले, म्हणून हे धाडस.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. बाई नर्स आहेत, यजमान शिक्षक. आफ्रिकेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात दोघांनी सेवेस यावे, अशी त्यांना विचारणा झाली. एके दिवशी दुपारी बाई माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांना वाटतं की पाचारण झालं आहे. मला मात्र अजून काही ऐकू येत नाही. काय करू?"

पाचारण म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी माणसाला हाक मारणे. त्यांच्याकडे हा शब्द फार जपून वापरतात. मनात आले आणि निघाले, असे नसते. नवराबायको प्रार्थना करतात, शास्त्र वाचतात, पाळकांना व मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारतात आणि वाट पाहतात. "आमच्या शरणपूरची माणसं दीडशे वर्षांपूर्वी अशीच गेली होती," असे त्या सहज बोलून गेल्या. शरणपूर रोडने मी भाजीला रोज जाते, पण हे मला ठाऊक नव्हते. मग वाचनालयातून पुस्तके आणली, काही मुलाने शोधून दिले. त्यातून जे हाती लागले ते असे.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ साली सुरू झाले. पुढे १८५४ साली रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचे पूर, असा नावातच अर्थ आहे. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात होता. खेड्यापाड्यांवर घाला घालून माणसे धरायची, किनाऱ्यापर्यंत चालवत न्यायची आणि गलबतात कोंबून विकायला पाठवायची. इंग्रजांची लढाऊ जहाजे ही गलबते अडवून आतली माणसे सोडवीत. त्यांत लहान मुले पुष्कळ असत. आईबाप कोण, गाव कोठे, हे त्यांना धड सांगता येत नसे. अशी कित्येक मुले मुंबईस उतरवली गेली आणि १८६० च्या सुमारास त्यांच्यासाठी शरणपुरात आश्रम निघाला. तेथे ती लिहायला-वाचायला शिकली, मुलगे सुतारकी, लोहारकी शिकले. तेथेच बाप्तिस्मा झाला, आणि काहींची लग्नेही त्याच परिसरात जमली. गोदेचे पाणी पिऊन ती वाढली. हीच मुले पुढे आफ्रिकेत 'नाशिकची मुले' म्हणून ओळखली गेली.

आता आफ्रिकेकडचे ऐका. मोंबासाच्या किनाऱ्यावर १८४४ साली क्राफ नावाचे जर्मन मिशनरी पत्नीसह येऊन उतरले. त्याच वर्षी त्यांची पत्नी आणि तान्हे मूल दोघेही गेली. दोन वर्षांनी रेबमान त्यांच्या मदतीस आले आणि जवळच्या राबाई गावी काम सुरू झाले. पुढे क्राफ परतले, रेबमान जवळजवळ एकटे उरले. त्यांनी साह्यासाठी माणसे मागितली आणि १८६४ साली शरणपुरातून माणसे निघाली. विल्यम जोन्स व त्यांची पत्नी जेमायमा, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड, ही नावे त्या पहिल्या तुकडीतली.

भगिनींनो, ह्यांचे जाणे साध्या परदेशगमनासारखे नव्हते. जोन्स हे याओ जमातीचे. ज्या किनाऱ्यावरून आपल्याला लहानपणी दोरीने बांधून नेले, त्याच किनाऱ्यावर स्वखुशीने परत जायचे होते. झांजिबारचा गुलामांचा बाजार तेव्हा चालूच होता, तो १८७३ साली बंद झाला. म्हणजे पुन्हा धरले जाण्याचे भय खरे होते. तापाचे भय होते. क्राफबाईंची कबर तेथे साक्षीला होती. आणि इकडे शरणपुरात काय होते? डोक्यावर छप्पर, हातात कसब, ओळखीची माणसे. आपण स्वतःला त्या बाईच्या जागी ठेवून पाहावे. एकदा सारे गमावून कसेबसे घर मिळाले, तेही आता सोडायचे! नवऱ्याला हाक आली हे ठीक. पण चूल तिला मोडायची, आणि परक्या गावी ती पुन्हा मांडायचीही तिलाच. अशा घरात नुसत्या नवऱ्याच्या पाचारणाने भागत नाही. दोघांचा होकार लागतो, असे मला वाटते.

त्याच सुमारास लिव्हिंग्स्टन साहेब नाशकास आले होते. १८६५ साली त्यांनी येथून नऊ मुले प्रवासासाठी बरोबर नेली. पुढे १८७२ साली त्यांच्या मदतीला आणखी काही नाशिकची मुले गेली. त्यांत जेकब वेनराइट होते. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या मुलखात वारले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर त्यांचे नाव कोरले. सोबत्यांनी ते शव नऊ महिने वाटचाल करून समुद्रापर्यंत आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटी नेणाऱ्यांच्या मानात आपल्या नाशकात शिकलेला जेकब होता.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांना नाशिकचा आश्रम ठाऊक होता. सोडवलेल्या गुलामांसाठी अशीच वस्ती आफ्रिकेत करावी असे त्यांनी सुचवले. त्याप्रमाणे १८७५ साली मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर 'फ्रियर टाउन' वसले. ते वसवायला गेले ते आपले शरणपूरचेच प्राइस साहेब, आणि त्यांच्या हाताखाली शंभराहून अधिक नाशिककर आफ्रिकन. शरणपूरचा आश्रम मोडला आणि त्याच घडणीचे गाव समुद्रापलीकडे उभे राहिले. तेथे एक मोठी घंटा टांगली होती. गुलाम धरणारे येत आहेत असे दिसले की ती वाजवीत. घंटेचा मनोरा अजून उभा आहे. स्वाहिली भाषेत घंटेला 'केंगेले' म्हणतात, म्हणून त्या जागेचे नावच केंगेलेनी पडले.

जोन्स यांची खरी कसोटी पुढे लागली. ३१ मे १८८५ रोजी ते आणि सेम्लर दोघे बिशप हॅनिंग्टन यांच्या हातून डीकन झाले. दोन महिन्यांच्या आतच बिशप युगांडाकडे निघाले आणि जोन्स त्यांच्याबरोबर गेले. काही महिन्यांनी वाटेतल्या एका गावी जोन्सना बहुतेक हमालांसह ठेवून बिशप पुढे गेले, आणि २९ ऑक्टोबर रोजी मारले गेले. चार माणसे कशीबशी जीव वाचवून परत आली. मग उरलेला तांडा जोन्स यांनी परत राबाईला आणला. ४ फेब्रुवारी १८८६ रोजी ते पोहोचले तेव्हा तांड्यापुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला एक शब्द होता, 'इखाबोद', म्हणजे वैभव निघून गेले. ते निशाण दुरून पाहताना गावातल्या बायामुलांच्या काळजाचे काय झाले असेल! आपले माणूस त्यात आहे की नाही, हे जवळ येईपर्यंत कळायचे नव्हते.

राबाईत जोन्स यांनी पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. मालक चिडले, हल्ल्याच्या धमक्या आल्या. शेवटी ब्रिटिश कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. एके काळी विकला गेलेला मुलगा आता दुसऱ्यांच्या सुटकेचा आधार झाला होता. हे वाचले तेव्हा हातातली निवडायची मेथी तशीच राहिली.

पण सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. ह्या माणसांना युरोपियन मिशनऱ्यांच्या बरोबरीचा मान मिळाला नाही. नाशिकहून आलेली ही शिकलेली माणसे ताठ आहेत, अशी तक्रार होई. तेथल्या लोकांनाही ती अर्धी परकीच वाटत. जोन्स यांना ह्या भेदाचा मनस्ताप झाला. तरी त्यांनी आफ्रिका सोडली नाही. हाक आली म्हणजे वाट सोपी होते असे नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते. हाक एकदाच येते. तिला हो मात्र रोज म्हणावे लागते. संसाराचेही तसेच नाही का?

ही सारी हकीकत मी शेजारच्या बाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, हाक अजून आली नाही, पण भीती गेली. ती बाई एवढं हरवून पुन्हा निघाली. मग मी निदान मोकळ्या मनाने ऐकावं." त्यांच्या यजमानांनीही दवाखान्याला कळवले आहे की, माझ्या पत्नीचे उत्तर येईपर्यंत माझेही उत्तर धरू नये. मला हे फार आवडले. हे लिहीपर्यंत त्यांचे काही ठरलेले नाही. ठरले आणि त्या गेल्या, तर घराची किल्ली माझ्याकडे राहील आणि तुळशीशेजारच्या त्यांच्या गुलाबाला पाणी मी घालीन, एवढे मात्र आम्हा दोघींचे ठरले आहे.

शरणपूर रोडने जाताना आता माझी पावले जरा हळू पडतात. आईबापाविना आलेल्या लेकरांना आपल्या गावाने ठेवून घेतले, वाढवले आणि ती निघाली तेव्हा जाऊ दिले. माहेर याहून वेगळे काय करते? नाशिकला तीर्थक्षेत्र म्हणून सारे ओळखतात. कित्येक परक्या लेकरांचे ते माहेरही होते, हे आपण आपल्या मुलांना सांगावे.