घड्याळ कुठे थांबवायचे? बर्फ, वादळ आणि सायकल शर्यतीतील न्याय

१/
२६ जुलै २०१९. तूर द फ्रान्सचा एकोणिसावा टप्पा. आल्प्स पर्वतातील इझराँची खिंड ओलांडून सायकलपटू उताराला लागले होते. पुढे तीन्यच्या वाटेवर मात्र गारांचा खच पडला होता आणि कोसळलेल्या दरडीने रस्ता अडवला होता. संयोजकांनी शर्यत मध्येच थांबवली. अंतिम रेषेपर्यंत कोणीच पोहोचले नाही, तरीही त्या दिवशी पिवळी जर्सी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेली. हे कसे घडले आणि ते न्याय्य होते का, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/
प्रारंभीच्या काळात हवामान हा शर्यतीचाच एक भाग मानला जाई. १९१० सालच्या मिलान–सान रेमो शर्यतीत तुर्किनो खिंडीत प्रचंड हिमवृष्टी झाली. फ्रान्सचा युजेन क्रिस्तोफ थंडीने गारठला, वाटेतल्या एका खाणावळीत त्याने ऊब घेतली आणि तो पुन्हा सायकलवर बसला. बारा तासांहून अधिक काळ झुंजून तो जिंकला. शर्यत पूर्ण करणारे बोटांवर मोजण्याइतकेच होते. या विजयाची गाथा झाली. शर्यत थांबवायला हवी होती का, हा प्रश्न मागेच राहिला.

३/
५ जून १९८८. जिरो द’इटालियाचा चौदावा टप्पा २,६०० मीटरांहून उंच असलेल्या गाव्हिया खिंडीतून जाणार होता. वर बर्फ पडत होता, तरीही शर्यत ठरल्याप्रमाणे सुरू झाली. नेदरलँड्सचा योहान फान डर फेल्डे माथ्यावर सर्वांत पुढे होता. पण उतारावर थंडीने त्याचे शरीर साथ देईना. त्याला आसरा घ्यावा लागला आणि अंतिम रेषा गाठेपर्यंत तो सुमारे पाऊण तास मागे पडला.

४/
त्याच दिवशी अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनने गुलाबी जर्सी मिळवली आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली. त्याचे धैर्य वादातीत आहे. मात्र त्याच्या संघाने सकाळीच हवामानाचा अंदाज घेऊन स्कीच्या दुकानांतून उबदार कपडे विकत आणले होते, हेही तितकेच खरे. म्हणजे निकाल केवळ पायांतील बळावर ठरला नाही, हातमोज्यांवरही ठरला. सुरक्षितता आणि न्याय हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे गाव्हियाने दाखवून दिले. जिथे रक्षणाची साधने असमान, तिथे स्पर्धाही असमान.

५/
१९९६ च्या तूरमध्ये दुसरा मार्ग दिसला. सेस्त्रिएरेच्या टप्प्याच्या दिवशी इझराँ आणि गालिबिए या दोन्ही खिंडींत वादळी वारा आणि बर्फ होता. संयोजकांनी दोन्ही खिंडी वगळून टप्पा अवघ्या ४६ किलोमीटरांवर आणला. दीर्घ चढांवर भिस्त ठेवणाऱ्यांचे त्यात नुकसान झालेच. पण खऱ्या स्पर्धेला तोंड फुटण्यापूर्वी नवे अंतर सर्वांना ठाऊक होते आणि ते सर्वांना सारखेच होते.

६/
असे एकमत नसेल तर काय होते, ते २७ मे २०१४ रोजी स्टेल्व्हियो खिंडीत दिसले. जिरोचा सोळावा टप्पा, पुन्हा बर्फ. उतारावर लाल झेंडे घेतलेल्या मोटारसायकली पुढे राहतील, असा संदेश रेडिओवरून गेला. काही संघांनी त्याचा अर्थ घेतला की उतारावर चढाओढ बंद आहे. इतरांना तसे वाटले नाही. कोलंबियाचा नायरो किंताना पुढे निघून गेला आणि गुलाबी जर्सीतील रिगोबेर्तो उरान त्या टप्प्यावर चार मिनिटांहून अधिक मागे पडला. अखेरीस किंतानाने संपूर्ण स्पर्धा २ मिनिटे ५८ सेकंदांनी जिंकली.

७/
किंतानाने नियम मोडला नव्हता, कारण मोडण्याजोगा स्पष्ट नियमच तिथे नव्हता. तो कदाचित तसाही जिंकला असता. पण एकाच रस्त्यावर काही जण शर्यत करीत होते आणि काहींना ती स्थगित झाल्यासारखी वाटत होती. दोष बर्फाचा नव्हता. तो संदिग्ध शब्दांचा होता.

८/
२०१६ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने अतितीव्र हवामानासाठी कार्यपद्धती लागू केली. गोठवणारा पाऊस, रस्त्यावर साचलेला बर्फ, जोराचा वारा, अतिउष्ण वा अतिशीत तापमान, अंधूक दृश्यता, हवेचे प्रदूषण: यांपैकी काही संभवत असेल तर संयोजक, पंच, वैद्यकीय अधिकारी आणि सायकलपटू व संघांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. प्रारंभाची वा समाप्तीची जागा बदलणे, मार्ग बदलणे, काही भागात चढाओढ थांबवणे किंवा टप्पाच रद्द करणे, हे पर्याय त्यांच्यासमोर असतात. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिस–नीस शर्यतीचा एक टप्पा हिमवृष्टीमुळे मध्येच रद्द झाला.

९/
आता पुन्हा इझराँकडे. पिवळी जर्सी फ्रान्सच्या ज्युलियाँ आलाफिलिपकडे होती. कोलंबियाचा एगान बेर्नाल त्याच्या दीड मिनिट मागे होता. बेर्नालने चढावर मुसंडी मारली आणि माथा गाठला तेव्हा आलाफिलिप त्याच्या दोन मिनिटांहून अधिक मागे होता. संयोजकांनी माथ्यावरील वेळाच ग्राह्य धरल्या. टप्प्याचा विजेता कोणीच ठरला नाही, पण एकूण क्रमवारीत २२ वर्षांचा बेर्नाल अव्वल आला.

१०/
आलाफिलिप उतारात तरबेज होता. काही सेकंद त्याने भरून काढले असते. उलट, तीन्यच्या शेवटच्या चढावर बेर्नालने आणखी आघाडी घेतली असती. दोन्ही शक्यता केवळ अनुमान होत्या. इझराँचा माथा मात्र अनुमान नव्हते: तिथपर्यंत सर्वांनी तेच अंतर, तोच चढ, त्याच नियमांखाली पार केला होता. हीच जागा शेवटची ठरेल, हे कोणालाच आधी माहीत नव्हते, ही या निर्णयातील उणीव. तरीही जे घडले तेवढेच मोजायचे आणि जे घडले नाही त्याचा अंदाज बांधायचा नाही, हे तत्त्व त्यातून पाळले गेले.

११/
दुसऱ्या दिवशी दरडींमुळे १३० किलोमीटरांचा टप्पा ५९ किलोमीटरांवर आणला गेला, तोही सुरू होण्याआधी. बेर्नाल तूर जिंकणारा पहिला कोलंबियन ठरला. क्रिस्तोफच्या काळात प्रश्न एवढाच होता की कोण किती सोसतो. शतकभरानंतर प्रश्न बदलला: किती सोसायला लावायचे, हे कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून ठरवायचे? निसर्ग कोणालाच समान वागणूक देत नाही. ती देण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यांची असते.