त्रिकोणाचे टोक

कॅलरीमीटर कणाला अडवून त्याची ऊर्जा मोजतो. शिशात घुसलेला वेगवान इलेक्ट्रॉन फोटॉन सोडतो, त्यातून नवे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जन्मतात, आणि पाहता पाहता कणांचा वर्षाव होतो. या वर्षावाचे गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली मांडले.

तो वर्षाव मोजायला विल्यम विलिस आणि वेल्को राडेका यांनी १९७४ साली द्रवरूप आर्गॉन सुचवला. धातूच्या पत्र्यांमधल्या फटी आर्गॉनने भरायच्या, त्यांवर व्होल्टेज लावायचे आणि वर्षावातल्या कणांनी आर्गॉनमधून सुटे केलेले इलेक्ट्रॉन गोळा करायचे. मापन अतिशय स्थिर, पण इलेक्ट्रॉनांची चाल मंद. आज सर्नच्या ॲटलास प्रयोगात दोन मिलिमीटरची फट ओलांडायला त्यांना सुमारे ४५० नॅनोसेकंद लागतात, आणि प्रोटॉनांचे पुंजके तर दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांना भिडतात!

यातून वाट निघाली ती प्रवाहाच्या आकारामुळे. सुरुवातीला सगळे इलेक्ट्रॉन एकदम चालू लागतात, म्हणून प्रवाह क्षणात शिखर गाठतो. मग एकेक इलेक्ट्रॉन पत्र्याला टेकत जातो तसा प्रवाह सरळ रेषेत उतरतो. त्या त्रिकोणाची उंचीच ऊर्जा सांगते, शेवटच्या इलेक्ट्रॉनाची वाट पाहायची गरज उरत नाही. मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी कल्पना हीच वाटते. मात्र तिची किंमत मोजावी लागते. थोडाच विद्युतभार वापरल्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा गोंगाट जास्त जाणवतो. शिवाय सर्किट त्या त्रिकोणाला आखूड शिखर आणि लांब ऋण शेपटी असा आकार देते. दोन्हींचे क्षेत्रफळ सारखे ठेवल्याने आधीच्या टकरींच्या अजून न संपलेल्या संकेतांचा सरासरी परिणाम शून्यावर येतो. दर २५ नॅनोसेकंदांनी घेतलेल्या नमुन्यांना योग्य वजने देऊन ऊर्जा आणि वेळ काढायची रीत क्लेलँड आणि स्टर्न यांनी १९९४ साली मांडली.

तरी तारांची अडचण होतीच. पत्रे कणाच्या वाटेत आडवे असले, तर ते जोडणाऱ्या लांब तारांच्या इंडक्टन्समुळे त्रिकोणाचे टोक बोथट होते. उभे लावले, तर एखादा कण शिशाला न शिवता फटीतूनच निसटेल. १९९० च्या सुमारास फ्रान्समधल्या ओर्सेच्या दानिएल फुर्निए यांनी उभे पत्रे नागमोडी दुमडले. आता कुठूनही आलेल्या कणाला शिसे लागतेच, आणि संकेत पत्र्यांच्या पुढच्या-मागच्या कडांवरून थेट बाहेर येतो. ॲटलासच्या द्रव-आर्गॉन कॅलरीमीटरांतले सुमारे १,८२,००० संकेत स्वतंत्रपणे वाचले जातात.