‘मौजे मजकूर’ : एका शब्दक्रमाची हकीकत

जुन्या कुलकर्णी-देशपांड्यांच्या घरी मोडी कागदांचे रुमाल अजून कोठे कोठे जपून ठेवलेले आढळतात. परभणीकडच्या एखाद्या रुमालातला कागद उलगडावा, तर आरंभीच गावाचा पत्ता ठरीव साच्यात भेटतो : ‘मौजे अमुक, परगणे पाथरी’. हा साचा इतका परिचयाचा आहे की, वाचणारा त्यापाशी थांबत नाही. इनाम किती, तंटा कोणाचा, साक्षी कोण, इकडे त्याची नजर धावते. आम्ही मात्र आज त्या साच्यापाशीच थांबणार आहोत. गावाच्या नावाआधी ‘मौजे’ का येतो? आणि मूळ शब्द ‘मौजा’ असता त्याचा ‘मौजे’ का होतो?

व्याकरणाची थोडी ओळख असलेला गृहस्थ म्हणेल, हे अनेकवचन असावे. घोडा-घोडे, तसा परगणा-परगणे. पण पाथरीचा परगणा एकच. सामान्यरूप म्हणावे, तर ते ‘परगण्या’ असे होते. आदरार्थी बहुवचन म्हणावे, तर ‘किल्ले रायगड’ला ते एक वेळ शोभेल, पण महिन्याचा आदर कोणी करीत नाही आणि तरीही आपल्या कचेऱ्यांत पगारपत्रकावर ‘माहे मार्च’ असेच लिहितात. या ‘माहे’नेच कोडे सुटते. ‘माह’ म्हणजे महिना, आणि मागचा ‘ए’ हा फारशीतला जोडस्वर, इजाफत. फारशीत मुख्य नाम आधी, मग हा आखूड ‘ए’, मग विशेषण किंवा संबंधी नाम. ‘तख्त-ए-ताऊस’ म्हणजे तख्त मोराचे. आपण त्याला मयूरसिंहासन म्हणालो, तेव्हा नकळत क्रम उलटा केला. ‘मौजे मजकूर’ म्हणजे ‘उल्लेखिलेले गाव’. येथे तर विशेषणही नामामागून चालले आहे. ‘साल गुदस्त’ याच घरातले, जरी त्यातला ‘ए’ उच्चारात गळून गेला आहे.

फारशी कारभारापूर्वी आपल्याकडे काय रीत होती? सातवाहनांच्या काळचे लेख पाहावे. नाशिकच्या लेण्यात ‘गोवर्धनाहार’ आहे, कार्ल्याच्या लेण्यात ‘मामालाहार’ आहे. नाव आधी, ‘आहार’ म्हणजे प्रांतविभाग मागून. पुढे ताम्रपटांतूनही ‘विषय’, ‘देश’, ‘ग्राम’ हे शब्द नावाच्या मागेच लागतात. बोलीत आपण आजही तेच करतो : गोदावरी नदी, पाथरी तालुका, परभणी जिल्हा. म्हणजे दीड हजार वर्षांची वहिवाट एका दप्तराने उलटवली. पण ती कागदावर, तोंडात नव्हे.

हे दप्तर पाथरीस थोरच होते. अबुल फजलच्या ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पाथरीची गणना आहे. त्याआधी इमादशाही आणि निजामशाही या पाथरीसाठी लढल्या, आणि त्या लढ्यामागे घरोबा होता. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ फेरिश्त्याने पाथरीच्या कुलकर्ण्यांत सांगितले आहे. आम्हांला यात एक गंमत दिसते. गावचा पत्ता लिहिणारा कुलकर्णी, आणि ज्या राज्याच्या साच्यात तो लिहायचा त्या राज्याचा मूळपुरुषही कुलकर्ण्याचाच!

वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतल्या शब्दांची मोजदाद केली होती. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा सुमारे १४, १६७७ च्या पत्रात सुमारे ६३, १७२८ च्या पत्रात सुमारे ९४. स्वराज्याने भाषेवर काय परिणाम केला, याचा हा आकड्यांतला पुरावा म्हणून तो नेहमी सांगितला जातो, आणि तो खराही आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने तर फारशी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्दच दिले. पण आमचे म्हणणे असे की, शब्द मोजणाऱ्याच्या तागडीत क्रम येत नाही. ‘किल्ला’ शब्दाला ‘दुर्ग’ हा पर्याय मिळाला. ‘किल्ले रायगड’ मात्र आहे तसाच राहिला. परका शब्द ओळखू येतो, म्हणून त्याला बाहेर काढता येते. परका क्रम स्वदेशी शब्दांचे कपडे घालून घरात वावरतो.

तो इतका सहज रुजला, याला आणखीही एक कारण असावे. माणसाच्या बाबतीत बिरुद आधी लावण्याची चाल आपल्याकडे होतीच : राजा भोज, संत नामदेव. त्या रिकाम्या खुंटीवर ‘मौजे’ आणि ‘परगणे’ टांगले गेले. तरीही मराठीने या पाहुण्याला पुरते आपले म्हटले नाही, आणि त्याची खूण विभक्तीत सापडते. मराठी नामसमूहात मुख्य नाम शेवटी बसते आणि प्रत्यय तेच घेते : ‘परभणी जिल्ह्यात’. आता क्रम उलटवून पाहा. ‘जिल्हा परभणीत’ हे कानाला खटकते. म्हणून कचेरीने कुबड्या शोधल्या : ‘मौजे अमुक येथील’, ‘तहसील कार्यालय, पाथरी येथे’, ‘यांस’, ‘यांजकडून’. सरकारी मराठी लांबट आणि ताठर का वाटते, असे लोक विचारतात. थोडे उत्तर या कुबड्यांत आहे. जुने कारकून या बाबतीत अधिक धीट होते. ते ‘मौजे मजकुरी’ किंवा ‘मौजे मजकुरास’ असे लिहून विशेषणालाच सरळ प्रत्यय लावीत.

उलट गंगाखेडची जनाबाई पाहा. तिने स्वतःस ‘नामयाची दासी’ म्हणवले. नामदेव पुरुष, तरी ‘ची’ स्त्रीलिंगी. कारण प्रत्यय दासीकडे बघतो. शब्द पुढेमागे केले तरी नाते तुटत नाही. इजाफतीच्या ‘ए’ला ही दृष्टी नाही, तो नुसता सांधतो.

येथे बंगालीशी तुलना करणे उद्बोधक होईल. कारण मोगली दप्तर तेथेही होते आणि तिथल्या जुन्या दस्तांतही ‘परगणे’ नावाआधी येतो. बंगालीचा संबंधप्रत्यय लिंगवचन पाहत नाही. ‘रामेर घर’, ‘रामेर बोन’, दोन्हींकडे ‘एर’च. पण तिने क्रमाला दुसरे काम दिले आहे. ‘दुटि बोइ’ म्हणजे कोणतीही दोन पुस्तके. ‘बोइ दुटि’ म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली ती दोन पुस्तके. हे ‘टि’-‘टा’ निर्देशक रवींद्रनाथांनाही लिहिण्याजोगे वाटले होते. इंग्रजी ज्यासाठी स्वतंत्र शब्द खर्चते, ते बंगाली नुसत्या जागाबदलाने साधते. मराठीत ‘दोन बैल’ आणि ‘बैल रास २’ यांत असा भेद नाही. येथे दुसरा प्रकार म्हणजे केवळ यादी, जप्ती किंवा वाटणीचा कागद. बंगाल्याचा क्रम पुस्तक ओळखीचे की अनोळखी ते सांगतो. आमचा क्रम बोलणारा ओसरीवर बसला आहे की कचेरीत, एवढेच सांगतो.

पाथरीकडे ही कचेरी दीर्घकाळ टिकली. १७२४ पासून निजामाचा अंमल. १८८४ च्या सुमारास हैदराबादने फारशी सोडून उर्दू घेतली, पण उर्दूतही ‘जिला परभणी’च. १७ सप्टेंबर १९४८ ला तो अंमल संपला, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. उर्दू गेली, मराठी आली, कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला. मात्र पत्रावर ‘जिल्हाधिकारी, परभणी’ असेच उमटले. मधल्या स्वल्पविरामात इंग्रजी पत्त्याचाही हात आहे, हे कबूल केले पाहिजे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. दोन्ही पदे नव्या घडणीची, फलक मात्र ‘जिल्हा परिषद, परभणी’. २०११ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिचे नाव ‘परभणी शहर महानगरपालिका’. येथे नाव पुन्हा आधी आले आहे, गोवर्धनाहारासारखे. दोन्ही पाट्या एकाच शहरात आहेत, आणि वाचणाऱ्याला त्यांत काही वेगळे वाटत नाही.