तळटीप : विवरवाहक थर

सेंद्रिय सौरघटात प्रकाश शोषला जाताच मोकळे विद्युतभार मिळत नाहीत. इलेक्ट्रॉन आणि विवर (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे उरणारी धनभारित रिकामी जागा) यांची बांधलेली जोडी तयार होते आणि ती दाता व ग्राही पदार्थांच्या सीमेवर फुटली तरच भार सुटे होतात. त्यांतील विवरांना धनाग्राकडे जाऊ देणारा व इलेक्ट्रॉनांना अडवणारा थर तो विवरवाहक थर. या कामी दीर्घकाळ रूढ असलेले पेडॉट:पीएसएस हे बहुवारिक आम्लधर्मी असल्याने इंडियम-टिन ऑक्साइडचे पारदर्शक धनाग्र झिजवते, आणि हा दोष घटाच्या आयुष्यावरच घाला घालणारा आहे. म्हणून कार्बाझोलचे डोके व फॉस्फॉनिक आम्लाचे टोक असलेले रेणू पुढे आले: टोक ऑक्साइडला घट्ट बिलगते, एकाच रेणूच्या उंचीचा थर आपोआप रचला जातो आणि रेणूच्या द्विध्रुवामुळे धनाग्राचे कार्यफलन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी किमान ऊर्जा, वाढते. कार्बाझोलला ब्रोमीन जोडल्यास ते आणखी वाढते. अशा थराच्या आधारे सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली १८.४ टक्के कार्यक्षमता नोंदवली. रेणूतील इतक्या लहान बदलाने एवढा फरक पडावा, ही या क्षेत्रातील खरोखर महत्त्वाची गोष्ट आहे.