दुचाकीच्या पुढील फोर्कमधील तेल : निवडीच्या निकषांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ब्रेक दाबल्यावर दुचाकीचे पुढचे चाक रस्त्याला धरून राहील की उसळेल, हे बऱ्याच अंशी फोर्कच्या दोन नळ्यांतील थोड्याशा तेलावर अवलंबून असते. असे असूनही हे तेल बहुधा डब्यावरील आकडा पाहूनच निवडले जाते. हा आकडा कोठून आला आणि तो कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

घर्षणाकडून तेलाकडे :
आरंभीच्या गर्डर फोर्कमध्ये स्प्रिंगची दोलने शमविण्यासाठी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या वापरल्या जात. कोरड्या घर्षणाचा दोष असा की, त्याचा विरोध हालचाल सुरू होतानाच सर्वाधिक असतो. त्यामुळे लहान खड्ड्यांत फोर्क अडून राहतो. तेलाचे वर्तन याच्या उलट असते. छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. १९०८ मध्ये स्कॉट या ब्रिटिश दुचाकीला दुर्बिणीप्रमाणे सरकणारा फोर्क होता. पण त्यात तेलाद्वारे दोलनशमनाची सोय नव्हती. ही सोय असलेला फोर्क १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर-१२ व आर-१७ या गाड्यांवर आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, मॅचलेस जी-३/एल या ब्रिटिश लष्करी दुचाकीने तो रुळविला. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेटबरोबर अशा फोर्कची परंपरा भारतात स्थिरावली. आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हेही फोर्कनिर्मितीचे केंद्र आहे.

उसनवारीचा आकडा :
फोर्कमध्ये तेल आले, तेव्हा त्याच्या मापनाची स्वतंत्र पद्धती मात्र आली नाही. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ पासून इंजिन तेलाचे श्यानतेनुसार, म्हणजे दाटपणानुसार, वर्गीकरण केले होते. तेच आकडे फोर्कच्या तेलाला चिकटले. वस्तुतः इंजिन तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला मोजतात आणि ‘डब्ल्यू’ हे अक्षर कडाक्याच्या थंडीतील वर्तन दर्शविते. फोर्कचे तेल सामान्यतः हवेच्या तापमानाहून थोड्याच अधिक तापमानात काम करते. परिणामी दोन उत्पादकांच्या ‘१० डब्ल्यू’ तेलांची ४० अंशांवरील श्यानता एकाची सुमारे ३० सेंटिस्टोक, तर दुसऱ्याची ४५ हूनही अधिक आढळते. १९७५ मध्ये आयएसओने औद्योगिक तेलांसाठी ४० अंशांवरील श्यानतेवर आधारित वर्गवारी निश्चित केली. फोर्कसाठी हेच माप अधिक सयुक्तिक होय.

तापमानाचा प्रश्न :
तेल तापले की पातळ होते. हा बदल मोजण्यासाठी डीन व डेव्हिस यांनी १९२९ मध्ये श्यानता निर्देशांक मांडला. निर्देशांक जितका अधिक, तितका बदल कमी. विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, तर हिवाळ्यातील पहाटे ते १० अंशांच्या आसपास उतरते. तेथे हा निर्देशांक केवळ पुस्तकी राहत नाही.

निवडीचे निकष :
तेल फार पातळ असल्यास फोर्क खड्ड्यानंतर झुलत राहतो. ते फार दाट असल्यास चाक रस्त्याचा चढउतार अनुसरू शकत नाही आणि टायरची पकड सुटते. दाट तेलाने ब्रेक लावताना गाडीचा पुढचा भाग सावकाश खाली जातो. पण अखेर किती खाली जाईल, हे मुख्यतः स्प्रिंग आणि तेलावरील कोंडलेली हवा ठरविते. म्हणून मऊ स्प्रिंगचा उपाय दाट तेलात शोधणे चुकीचे ठरते. कार्ट्रिज पद्धतीच्या फोर्कमध्ये पातळ पत्र्यांच्या झडपा असल्याने सामान्यतः अधिक पातळ तेल लागते. तेलाची पातळी वाढविल्यास हवेची जागा घटते आणि हालचालीच्या अखेरीस फोर्क कडक होतो. जुने तेल आत थोडे उरतेच. त्यामुळे केवळ मापाने तेल ओतण्यापेक्षा दोन्ही नळ्यांतील पातळी निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे मोजणे श्रेयस्कर ठरते.

समारोप :
तंत्र बदलले, तरी जुन्या तंत्राची परिभाषा टिकून राहते, याचे फोर्कचे तेल हे बोलके उदाहरण आहे. निर्मात्याने सांगितलेल्या तेलाची ४० अंशांवरील श्यानता पाहून तिच्याशी जुळणारे तेल घेणे, हाच निवडीचा खात्रीचा मार्ग होय. उसन्या आकड्यावर विसंबल्याची किंमत अखेर चालकालाच ऐन ब्रेकच्या क्षणी मोजावी लागते.